आहेराची पाकिटं

“मूळची रोमची हो ती,” मी सांगत होते. “जन्म १९६८चा. पण वाढली अमेरिकेत. वडील पदार्थविज्ञानातले. प्रिन्स्टनला अणुसंमीलनावर संशोधन करणारी मोठी प्रयोगशाळा आहे, तिथं त्यांना नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड न्यू जर्सीला गेलं. पोरगी तेव्हा चार-पाच वर्षांची.”

“प्रयोगशाळा कुणाच्या पैशावर चालते?” भिंतीपलीकडून नानांनी विचारलं. नाना झाडांना पाणी घालत होते, म्हणजे एकाच कुंडीत पाइप धरून केव्हाचे उभे होते.

“सरकारच्या.”

“मग झालं तर. सरकारी पगारावर वाढलेली मुलगी सरकारची तळी उचलणारच.”

आता हे नानांनी बोलावं! त्यांची स्वतःची उभी हयात सरकारी खात्यात गेली, अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झाले. खातं कुठलं ते लिहीत नाही. पेन्शन अजून चालू आहे.

“लग्न झालंय का गं तिचं?” हा प्रश्न मागच्या भिंतीवरून, शकूमावशींचा. नानांची भिंत आणि मावशींची भिंत आमच्या परसात ज्या कोपऱ्यात मिळतात, तिथं उभं राहिलं की तिन्ही घरांचं एकदम बोलणं होतं. सोसायटीची सर्वसाधारण सभा कोरमअभावी तहकूब होते, हा कोपरा कधीच होत नाही.

“झालंय. नवरा इटालियन, सिनेमे काढतो. चार मुलं.”

“चार! आणि वर पुस्तकं लिहिते?”

“चांगली जाडजूड.”

“हुशारच म्हणायची,” मावशी म्हणाल्या, आणि मारियाना माझुकातो या अर्थतज्ज्ञ बाईंच्या योग्यतेचा प्रश्न त्यांच्यापुरता निकालात निघाला.

तेवढ्यात नानांचा नातू चिन्या कानातलं काढत बाहेर आला. चिन्या हिंजवडीला नोकरी करतो, म्हणजे बरेच दिवस गच्चीवर येरझाऱ्या घालत फोनवर बोलतो. तो आणि त्याचे मित्र मिळून काहीतरी काढणार आहेत. काय काढणार ते घरात कुणाला धड कळलेलं नाही, पण सरकार त्यात आडवं येणार एवढं मात्र ठरलेलं आहे.

“कोण, ती आंत्रप्रन्युरिअल स्टेटवाली ना?” चिन्या म्हणाला. “काकू, ती म्हणते आयफोन सरकारनं बनवला. काहीही!”

“तसं म्हणत नाही रे. आधी ती कशावरून चिडली ते ऐक. ब्रिटनमध्ये २०१०ला कॅमेरून पंतप्रधान झाले. आल्या आल्या सरकारी खर्चाला कात्री लावली. पुढच्या मार्चमध्ये पक्षाच्या मेळाव्यात तर सरकारी बाबूंना उद्योगधंद्यांचे शत्रूच ठरवून मोकळे झाले. सरकार बाजूला झालं की ब्रिटनमध्येही गूगल-ॲपल उगवतील, असा एकूण सूर. ही बाई तेव्हा ब्रिटनमध्येच शिकवत होती. ती म्हणाली, अरे, ज्या अमेरिकेचा दाखला देताय, ती अमेरिका घरात काय करते ते एकदा बघा तरी! म्हणून २०११ साली डेमॉस नावाच्या अभ्यासगटासाठी एक पुस्तिका लिहिली. २०१३ला तिचंच पुस्तक झालं, तू म्हणतोस ते ‘आंत्रप्रन्युरिअल स्टेट’, म्हणजे उद्योजक सरकार. आयफोनचं प्रकरण त्यातलं. दे बघू इकडे तुझा फोन.”

चिन्यानं फोन भिंतीवर ठेवला. मावशी चष्मा पुसून पुढं सरकल्या.

“हा नकाशातला निळा ठिपका. जीपीएस. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९७३ला काम हातात घेतलं, सगळी यंत्रणा पुरी व्हायला १९९५ उजाडलं. बावीस वर्षं, नाना. कुठल्या खाजगी कंपनीचे भागधारक एवढी वर्षं गप्प बसतील? आणि २००० सालापर्यंत तुम्हा-आम्हाला मुद्दाम थोडा चुकीचा ठिपका दाखवायचे, बिनचूक फक्त लष्कराला. क्लिंटननी ती मेख काढली, म्हणून आज मावशींचं पार्सल थेट मावशींच्या दारात जातं.”

“कुठं जातं? परवाच तुझ्याकडे आलं होतं,” मावशी म्हणाल्या.

“बरं, ते राहू दे. ही काच, बोटांनी ओढायची. डेलावेअरच्या विद्यापीठात वेन वेस्टरमन म्हणून एक संशोधक विद्यार्थी होता. टाइप करून करून त्याचे हात इतके दुखायचे की नुसत्या स्पर्शावर चालेल असं काहीतरी तो शोधत होता. त्याला सरकारी पाठ्यवृत्ती होती. त्यानं आणि त्याच्या प्राध्यापकानं फिंगरवर्क्स नावाची छोटीशी कंपनी काढली, ॲपलनं ती २००५ला विकत घेतली, आणि दोन वर्षांनी आयफोन आला. ही बोलणारी सिरी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची डार्पा म्हणून संस्था आहे, तिनं २००३च्या सुमाराला एसआरआय नावाच्या संस्थेला सांगितलं, सैन्याच्या कामी येईल असा संगणकी मदतनीस तयार करा. त्यातून २००७ला सिरी नावाची कंपनी निघाली, २०१०ला ॲपलनं घेतली. कॅमेऱ्यातली चिप नासाच्या प्रयोगशाळेतली, ती यानांवरचे कॅमेरे हलके करायला म्हणून केली. इंटरनेटची सुरुवात १९६९चं अर्पानेट, तेही त्याच संरक्षण खात्याचं. त्यावरचं वेब जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये जन्मलं, ती युरोपातल्या सरकारांनी वर्गणी काढून चालवलेली संस्था.”

“म्हणजे ॲपलचा नुसता डबा?” नानांनी पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला.

“डबाही चीनमधून येतो,” मावशी म्हणाल्या.

चिन्याला हे लागलं. त्यानं फोन उचलून खिशात घातला. त्याच्या बाजूनं एवढं म्हटलं पाहिजे की या सगळ्या गोष्टी जगात पडून होत्या तेव्हा त्या कुणालाही दिसत होत्या, आणि नोकियालाही दिसत होत्या. एकत्र आणून त्यांचं असं काहीतरी करणं, की माणसानं रात्री उशाशी घेऊन झोपावं, हे स्टीव्ह जॉब्जनं केलं. माझुकातो ते नाकारत नाही. तिचा राग त्या कथेवर आहे, ज्यात गॅरेज असतं, दोन पोरं असतात, आणि सरकार फक्त शेवटच्या पानावर कर मागायला येतं.

“हे सगळं ठीक,” नाना म्हणाले, “पण ताई, सरकार म्हणजे कोण हो? मी सरकार होतो. मला टेबलावरचा कॅल्क्युलेटर बदलायचा तर तीन दरपत्रकं लागायची, आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याचाच घ्यायचा. तो महिन्यात बंद पडणार हे त्यालाही माहीत, मलाही माहीत, लेखा शाखेलाही माहीत. आणि तुमची ती बाई म्हणते आम्ही चंद्रावर जाऊ.”

“सगळी सरकारी खाती अशी करतात असं ती म्हणत नाही. तिचं लाडकं उदाहरण डार्पाचं. १९५७ला रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिकेची झोप उडाली, १९५८ला ही संस्था काढली. पैसा अब्जावधी, पण माणसं किती? दोनशेच्या आसपास. एकेका कार्यक्रमाला एकेक प्रमुख, विद्यापीठातून नाहीतर कंपनीतून उचलून आणलेला, तीन ते पाच वर्षांसाठी. तेवढ्या काळात कुठल्या वेड्या कल्पनेवर पैसे लावायचे ते त्यानं ठरवायचं, जमत नसेल तर बंदही त्यानंच करायचं.”

“तीन वर्षांनी बदली आमचीही व्हायची.”

“पण जाताना विचारायचे का, काय नवीन करून चाललात म्हणून?”

“विचारायचे ना. डेड स्टॉक रजिस्टर जुळतंय का, ते विचारायचे.” नाना हसले नाहीत. “आणि त्यांच्याकडे एखादं काम फसलं तर काय करतात?”

“बरंचसं फसतंच. ते धरूनच चालतात.”

“आमच्याकडे फसलं की एजींचा, म्हणजे महालेखापालांचा, ऑडिट पॅरा. पॅरा एकदा लागला की माणूस निवृत्त होतो, पॅरा होत नाही. म्हणून कुणी नवीन करायलाच जात नाही. जुन्या पद्धतीनं करोडो वाया गेले तरी पॅरा लागत नाही, नव्या पद्धतीनं हजार गेले की लागला.”

मला वाटतं, माझुकातोच्या पुस्तकांवर मी जेवढी परीक्षणं वाचली त्यांत ही अडचण एवढ्या थोडक्यात कुणी मांडली नव्हती. ती स्वतः हेच जरा वेगळ्या अंगानं सांगते. खाजगी भांडवलदार दहा कंपन्यांत पैसे घालतो, आठ बुडतात, त्याचं नाव होतं. सरकारची एक बुडाली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. तिच्या तोंडी नेहमी असलेली गोष्ट अशी: ओबामांच्या काळात अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं सौर तबकड्या करणाऱ्या सोलिंड्रा कंपनीला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. सोलिंड्रा २०११ला बुडाली, केवढा गदारोळ झाला, अजून तिचं नाव काढतात. त्याच खात्यानं २०१०ला टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज दिलं. टेस्लानं ते २०१३ला, मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. त्यात सरकारची अक्कल होती असं कुणीच म्हटलं नाही. सगळी अक्कल इलॉन मस्कची.

आणि ती कॉन्कॉर्डही लपवत नाही, हे मला आवडतं. ब्रिटिश आणि फ्रेंच सरकारांनी मिळून केलेलं ते देखणं विमान १९७६ला प्रवासी घेऊन उडायला लागलं, २००३ला बंद पडलं. एकूण बनवली वीस, आणि दोन्ही देशांच्या आपापल्या सरकारी विमान कंपन्यांशिवाय कुणी घेतली नाहीत. इंटरनेट हवं असेल तर कॉन्कॉर्डचीही तयारी ठेवा, असं ती म्हणते. हे म्हणणं लंडनच्या प्राध्यापकाला परवडतं. आपल्या नानांना परवडलं असतं का, हा प्रश्न राहतो.

चिन्या मात्र तयारीनं आला होता. “काकू, मी दुसरी बाजूपण वाचलीय. डीड्रे मॅक्लॉस्की आणि अल्बर्तो मिंगार्दी. त्यांनी २०२०ला तिच्याविरुद्ध अख्खं पुस्तक काढलंय. ते म्हणतात, शीतयुद्धात अमेरिकेच्या सरकारनं इतका पैसा इतक्या ठिकाणी ओतला की आज तुम्ही कुठलीही वस्तू उघडा, तळाशी कुठंतरी सरकारी डॉलर सापडणारच. त्यावरून काय सिद्ध होतं? अर्पानेट करणाऱ्यांच्या डोक्यात इन्स्टाग्राम होतं का? त्यांना लांबलांबचे संगणक जोडायचे होते. सरकारनं नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलंच नसतं, हे कशावरून? आणि लोकांना काय हवंय हे शेवटी गिऱ्हाईक ठरवतं. खात्यातले लोक नाही.”

“बरोबर बोलतोय पोरगा,” नाना म्हणाले. अभिमान लपत नव्हता.

खरंच, बरंच बरोबर बोलत होता. ‘सरकारनं नसतं केलं तर’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण तो दुसरा इतिहास घडलेलाच नाही. आयफोनच्या प्रकरणातून सरकारनं पेरलं होतं एवढं दिसतं; काय उगवेल हे सरकारला ठाऊक होतं असं दिसत नाही. माझुकातो कधीकधी लिहिण्याच्या भरात दुसऱ्याकडे झुकते, सरकार जणू दिशाच दाखवत होतं अशा थाटात. तिथं ती मला पटत नाही. लष्करानं बाँब नेमका टाकायला उपग्रह सोडले आणि पन्नास वर्षांनी डिलिव्हरीवाल्या पोराला गल्ली सापडली, याला दूरदृष्टी म्हणणं जरा अति आहे. पण चिन्याचं ते ‘दुसऱ्या कुणी’ म्हणजे कोण? फायदा होईल की नाही, झाला तर आपल्या हयातीत होईल की नाही, हे माहीत नसताना वीस-वीस वर्षं पैसे घालणारा सरकारखेरीज फारसा कुणी तिच्या टीकाकारांनाही दाखवता येत नाही. पूर्वी अमेरिकेत बेल लॅब्ज ही खाजगी कंपनीची प्रयोगशाळा होती हे खरं. पण बेलच्या मागं टेलिफोनची मक्तेदारी होती, आणि ती मक्तेदारी सरकारनंच चालू दिलेली होती.

“ते सगळं मरू दे,” शकूमावशी म्हणाल्या. त्यांनी मध्येच आत जाऊन कुकरच्या शिट्ट्या बंद केल्या होत्या आणि परत आल्या होत्या, तरी धागा सुटला नव्हता. “सरकारनं एवढं घातलं, मग सरकारला परत काय आलं?”

मावशींनी पोस्टाच्या एजन्सीवर आयुष्य काढलं आहे. आवर्ती ठेवीचं पासबुक दाखवल्याशिवाय त्या कुणावर विश्वास ठेवत नाहीत.

“कर,” चिन्या म्हणाला. “कंपनी कमावते, कर भरते.”

“ॲपलनं नफाच आयर्लंडला नेऊन ठेवला होता, कर वाचवायला,” मी म्हटलं. “युरोपीय आयोगानं २०१६ला सांगितलं, १३ अब्ज युरो भरा. २०२४ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. गंमत म्हणजे आयर्लंडचं सरकारच म्हणत होतं, आम्हाला नकोत ते पैसे.”

“नकोत?” मावशींना हे पचेना.

“आणि टेस्लाचं ऐका. त्या कर्जाच्या करारात सरकारला टेस्लाचे तीसेक लाख शेअर ठरल्या किमतीला घ्यायचा हक्क होता. पण अट अशी की कंपनीनं कर्ज वेळेआधी फेडलं तर हक्क रद्द. म्हणजे कंपनी चालली तर सरकारला फक्त मुद्दल आणि व्याज. कंपनी रखडली तर शेअर, ज्यांना तेव्हा कोण विचारणार? माझुकातो म्हणते हे नेमकं उलटं हवं होतं. टेस्लाच्या वाढलेल्या शेअरमध्ये सोलिंड्राचं बुडीत भरून निघालं असतं आणि वर उरलं असतं.”

“हे तर आमच्या थोरल्या नणंदेच्या लग्नासारखं झालं,” मावशी म्हणाल्या. “कार्यालय, जेवणावळ, मांडव, सगळा खर्च मुलीच्या बापाचा, आणि आहेराची पाकिटं मुलाकडच्यांनी पिशवीत घालून नेली.”

यावर चिन्यासुद्धा गप्प झाला. खरं सांगायचं तर बाईंच्या ‘जोखीम सगळ्यांची, नफा मोजक्यांचा’ या सिद्धान्तावर मी पानंच्या पानं वाचली आहेत, आणि सरकार चांगलं की बाजार चांगला या जुन्याच भांडणात तो हमखास हरवून जातो. मावशींनी त्याला पाकिटांपाशी आणून ठेवलं. तिथंच तो राहायला हवा.

औषधांत तर ही पाकिटं फार जाड. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था वर्षाला ४० अब्ज डॉलरहून जास्त पैसा संशोधनावर घालतात. २०१० ते २०१६ या काळात तिकडं मंजूर झालेली २१० नवी औषधं एका अभ्यासगटानं तपासली. प्रत्येकाच्या मुळाशी, थेट किंवा आडून, या संस्थांच्या पैशातलं संशोधन सापडलं. गिलीअड कंपनीचं काविळीवरचं, म्हणजे हिपॅटायटिस सीवरचं सोव्हाल्डी २०१३ला बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत एका गोळीची किंमत १००० डॉलर होती. बारा आठवड्यांचे ८४ हजार.

“एका गोळीचे हजार डॉलर?” मावशींनी रुपयांत हिशेब केला, आणि मग करायचा सोडून दिला.

“कोव्हिडच्या लशीचं बघा. मॉडर्ना. तिला डार्पानं २०१३लाच अडीच कोटी डॉलरपर्यंत मदत देऊ केली होती, एमआरएनए म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं तेव्हा. लस सरकारी शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं झाली, चाचण्यांचा पैसा सरकारचा, पहिलं मोठं गिऱ्हाईकही सरकार. मग पेटंटवर त्या सरकारी शास्त्रज्ञांची नावं घालायची का, यावरून भांडण. शेवटी एका तंत्रापोटी मॉडर्नानं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांना ४० कोटी डॉलर दिले, तोवर कंपनीची लसविक्री अब्जांत मोजायला लागली होती.”

“आपल्याकडे काय झालं?” नानांनी विचारलं. “कोव्हॅक्सिन तर आपल्या पुण्याचीच म्हणायची.”

म्हणायची खरी. विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे आपल्या एनआयव्हीनं; आंबेडकर रस्त्यावरून जाताना सगळ्यांना ती पाटी दिसते, आणि पाषाणला तिची ती कडेकोट प्रयोगशाळा आहे. एनआयव्ही आयसीएमआरची, आयसीएमआर केंद्र सरकारची. विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला, लस तिनं केली. पण करारात एक कलम घातलं होतं: निव्वळ विक्रीच्या ५ टक्के रॉयल्टी आयसीएमआरला. आयसीएमआरचा खर्च झाला साधारण ३५ कोटी. २०२२च्या जानेवारीपर्यंत रॉयल्टीचे १७० कोटींहून अधिक जमा झाले होते, हे सरकारनं राज्यसभेत सांगितलं.

“पाचपट!” मावशी म्हणाल्या. “एवढं कुठल्या पोस्टात मिळतं?”

“पण पुढं ऐका. पेटंटचा अर्ज कंपनीनं केला तेव्हा त्यात आयसीएमआरचं नावच नव्हतं. २०२४ला ते बाहेर आलं, ओरड झाली, मग कंपनीनं नजरचूक म्हणून नाव घातलं.”

“पाकिटं मोजायला माणूस बसवला होता, तो पेंगला,” नाना म्हणाले.

माझुकातो यावर काय म्हणते ते मी कुठं वाचलेलं नाही. पण तिचं म्हणणं काल्पनिक नाही, एवढं या पाच टक्क्यांवरून दिसतं. हिस्सा मागता येतो, मागितला तर मिळतो, आणि मागितला म्हणून कंपनी लस करायची सोडून पळून जात नाही. चिन्याच्या मते पाच टक्क्यांनी किंमत वाढते आणि ती शेवटी गिऱ्हाईकच भरतं. भरत असेल. संशोधनाचा पैसाही गिऱ्हाइकानंच करातून भरलेला असतो.

“ऐकतं का कुणी तिचं?” मावशींनी विचारलं. बाईवर आता त्यांचा जीव जडला होता.

“ऐकतात तर! आधीचे पोपसुद्धा ऐकायचे.”

“पोप?”

“पोप फ्रान्सिसनी २०२०च्या आपल्या पुस्तकात तिचं नाव घेतलं. २०२२ला तिला व्हॅटिकनच्या एका अकादमीवर नेमलं. तिथल्या कडव्या लोकांनी केवढा आरडाओरडा केला, ही देव मानत नाही, गर्भपाताच्या बाजूनं बोलते म्हणून. पोपनी पत्रकारांना सांगितलं, अकादमीत थोडी माणुसकी यावी म्हणून घेतलं मी तिला.”

“शाब्बास,” मावशी म्हणाल्या. हे शाब्बास पोपना होतं की तिला, कळलं नाही.

आजवरची बाकीची यादीही लांब आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षांची सल्लागार समिती, स्कॉटलंडची, जागतिक आरोग्य संघटनेनं नेमलेल्या आरोग्य-अर्थकारणाच्या परिषदेचं अध्यक्षपद. युरोपीय आयोगासाठी तिनं २०१८ला अहवाल लिहिला, त्यातून युरोपच्या संशोधनाच्या पैशाला पाच मोहिमा मिळाल्या: कर्करोग, समुद्र आणि नद्या, माती, हवामानाशी जुळवून घेणं, आणि २०३०पर्यंत कार्बनचा ताळेबंद शून्यावर आणणारी शंभर शहरं. यातलं किती होईल ते २०३० सांगेल. सल्लागार समित्यांवरच्या एकूण नेमणुकांबद्दल नानांचं मत छापण्यासारखं नाही.

“तिचं एक पुस्तक मात्र तुम्ही वाचाच,” मी नानांना म्हटलं. “२०२३चं. रोझी कॉलिंग्टन म्हणून एक तरुण संशोधक आहे, तिच्याबरोबर लिहिलंय. सगळं सल्लागार कंपन्यांवर.”

नानांनी पाइप खाली ठेवला.

“अपोलोच्या वेळची गोष्ट ती सांगते. नासाच्या खरेदी विभागाच्या प्रमुखानं तेव्हाच बजावलं होतं, की आपल्या घरचे अभियंते घालवून सगळं बाहेर दिलं, तर कंत्राटात काय लिहायचं हेही आपल्याला कळणार नाही. जो गुळगुळीत कागदावर छान माहितीपत्रक छापून आणेल त्याला आपण भुलू. म्हणून चंद्रावर जाताना कामं बाहेर दिली, पण ती तपासायची अक्कल घरात ठेवली. आणि कोव्हिडमध्ये ब्रिटननं काय केलं? रुग्णांचा माग काढायची यंत्रणा उभी करायला डेलॉइटसारख्या कंपन्यांचे सल्लागार आणले, दिवसाला हजार पौंडांच्या घरात. त्याच सरकारच्या लॉर्ड ॲग्न्यू या मंत्र्यानं पत्रात लिहिलं, की या नादानं आपण आपल्याच अधिकाऱ्यांना कुकुलं बाळ करून ठेवलंय.”

“ताई,” नाना म्हणाले, आणि आवाज एकदम वेगळा लागला, “मी नोकरीला लागलो तेव्हा अंदाजपत्रक आम्ही करायचो. साइटवर जायचं, टेप धरायची, माती बघायची, रात्री बसून दर काढायचे. चुकायचो पण. साहेब लाल पेननं झोडायचा. त्या झोडण्यातून शिकलो. मी निवृत्त होईपर्यंत डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, कन्सल्टंट करायला लागला. तो बरोबर आहे का हे बघायला दुसरा कन्सल्टंट. काम बरं झालं का हे बघायला थर्ड पार्टी. माझ्याकडे फाइल यायची ती सही करायला. आणि सही केल्यावर पॅरा कुणाला? मला!”

चिन्या म्हणाला, “पण आजोबा, तेच तर मी म्हणतोय. सरकारला जमत नाही.”

“जमत नाही नव्हे, जमत होतं ते घालवलं!” नाना भिंतीवर हात आपटून म्हणाले. आयुष्यभर सरकारला शिव्या घालणारे नाना पहिल्यांदाच सरकारच्या बाजूनं भांडत होते, आणि चिन्या आश्चर्यानं बघत होता. मीही. माझुकातोला लंडनच्या तिच्या संस्थेत यापेक्षा मोठा अनुयायी मिळाला नसेल.

“मग शेअर घ्यायचे की नाही सरकारनं?” मावशींनी विषय वळणावर आणला. “पाच टक्के, तीस लाख शेअर, जे काय असेल ते?”

“घ्या ना,” नाना म्हणाले. “पण बघणार कोण? कंपनी वाढतेय का बुडतेय, पेटंटवर आपलं नाव आहे का, हे कळायला खात्यात माणूस तर हवा. पदं रिकामी आहेत सगळी. आधी ती भरा म्हणावं त्या बाईंना, मग शेअर घ्या.”

“ती तेच म्हणते, नाना.”

“आणि भरतीची परीक्षा कोण घेणार, आजोबा?” चिन्यानं विचारलं.

“कन्सल्टंट,” नाना म्हणाले, आणि त्यांनी नळ बंद केला.